फवारणीचं औषध पाठीवर सांडतं तेव्हा

संपादक साहेब, सध्या आमच्याकडं परभणी भागात कापसावर फवारणी जोरात चालूय म्हणून लिहितोय. गेल्या श्रावणात माझ्या चुलतभावाचा पंप गळत होता, त्यात प्रोफेनोफॉस हे कीटकनाशक होतं, शर्टाची पाठ पूर्ण ओली झाली पण गडी म्हणला एवढे दोन तास उरकून घेतो. दुपारी बांधावर बसला तर दरदरून घाम, तोंडातून लाळ, आणि डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. सगळे म्हणले ऊन लागलं, लिंबूपाणी द्या! ऊन नव्हतंच ते. प्रोफेनोफॉससारखी ही ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली औषधं नाकातोंडातूनच जातात असं नाही, कातडीतूनही आत शिरतात आणि नसांचं काम आवरतं ठेवणारं एन्झाइम बंद पाडतात, मग लाळ, घाम, धाप काही थांबतच नाही. कापडं तिथंच काढून साबणानं अंग धुवायचं आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठायचा. आम्ही डबा नेला होता, डॉक्टरांनी नाव वाचून लगेच ॲट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा, चालू केलं, भाऊ वाचला.

2017 ला यवतमाळात फवारणीनं कितीतरी शेतकरी, मजूर गेले, तरी आमच्या दुकानात औषधासोबत हातमोजे कुणी देत नाही, डब्यावरचा लाल-पिवळा त्रिकोण औषध किती विषारी ते सांगतो, हेही कुणी समजावत नाही. कृषी सहायकांनी पेरणीआधी गावात येऊन एवढं तरी दाखवावं. आणि रिकाम्या डब्यात पाणी भरणं, ते तर आजच बंद करा.

– एक शेतकरी, जि. परभणी