फ्रायर आणि तेलाबद्दल, सगळ्यांनी वाचा

नमस्कार मंडळी, फराळाच्या ऑर्डरी सुरू झाल्यात, कोथरूडपासून हडपसरपर्यंत आपल्या सगळ्यांचे फ्रायर आता दिवसभर चालणार, म्हणून आत्ताच सांगतेय. रोज काम संपलं की तेल गार होऊ द्या आणि गाळा, तळाशी चकली-शेवेचा चुरा राहिला की तो जळतो आणि चांगलं तेलही लवकर काळं पडतं.

मोठ्या फ्रायरची पूर्ण सफाई करताना गार तेल आधी काढायचं, मग टाकीत पाणी आणि फ्रायर क्लीनर घालून हलकी उकळी द्यायची, बंद करून गार झालं की घासायचं, दोन-तीनदा धुवायचं आणि शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर. मग कोरडं, अगदी नळीतला थेंबसुद्धा नको, कारण तापत्या तेलाखाली पाणी राहिलं की त्याची वाफ होऊन तेल उसळून अंगावर येतं, इथे घाई करू नका प्लीज. घरच्या इलेक्ट्रिक फ्रायरचा कॉइलवाला भाग पाण्यात बुडवायचाच नाही.

तेल पेटलं तर पाणी कधीच टाकू नका, गॅस बंद आणि वर धातूचं झाकण.

एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या, नियमाप्रमाणे जुलै २०१८ पासून टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल वापरता येत नाही. फेस, धूर, चिकटपणा दिसला की काढाच, नवीन तेल मिसळून चालवू नका. सिंकमध्येही ओतू नका, त्याचं बायोडिझेल होतं. कोणाकडे किती लिटर साठलंय ते इथे लिहा, अधिकृत कलेक्शनवाल्यांना एकदमच बोलवू.