मासेवाल्या मामांना, आत्याबाईंच्या सुनेकडून

मामा, नमस्कार.

तुमच्याकडं बटनाचा फोन आहे हे माहीत आहे मला, पण नातू दिवसभर मोबाईलमध्येच असतो असं तुम्हीच म्हणलात, तर त्याच्याकडून वाचून घ्या. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही गाडीला किक मारून निघता. म्हणून इथं चार लोकांसमोर लिहायलेय, आता पळून दाखवा.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. आमचं गाव बीड जिल्ह्यात, माजलगाव धरणाच्या अंगाला. कोंबड्या सासूबाईंच्या, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. कापसाचा, सोयाबीनचा पैसा आला की तो आधी खत-बियाण्याच्या उधारीत जातो, उरला तर बँक बघून घेते, त्यात बाईमाणसाला विचारतंय कोण. पण अंड्यांचा पैसा आत्याबाईंचा. गावरान अंडं 12-15 रुपयाला जातं, त्यातनं त्यांची चहापत्ती, तंबाखू (रागावल्या तरी लिहिणारच), नातवंडाला खाऊ आणि परभणीला लेकीकडं जायचं एसटीचं अर्धं तिकीट. कुणाला हात पसरायला लागत नाही. त्यामुळं पिल्लू गेलं की त्या रात्री आत्याबाई अर्ध्या भाकरीवर उठायच्या, आणि आम्हाला वाटायचं म्हातारपण आहे.

पिल्लं तर सारखी जात होती. खुडूक कोंबडी 21 दिवस अंड्यांवर बसते, धड खात नाही पीत नाही, अंगाची नुसती हाडं होतात तिच्या, मंग पिल्लं घेऊन मोठ्या ऐटीत अंगणात उतरती आणि आठवडा जायच्या आत निम्मी गायब. घार उचलती असं आम्ही धरून चाललेलो. दिवसभर डालग्याखाली तरी किती कोंडणार, त्यांना उकरायला, चरायला मोकळं सोडावंच लागतं.

आता सल्ले देणाऱ्यांचं ऐका. एकजण म्हणला, जुन्या सीड्या टांगा, चमकलं की पाखरू येत नाही. टांगल्या. थोडे दिवस खरंच आलं नाही, मंग सवय झाली त्याला, सीडीच्या शेजारच्याच फांदीवर बसून पिसं साफ करायला लागलं. एका दुकानदारानं हिरवी जाळी दिली, दहा वर्षं बघायचं काम नाही म्हणला, पहिल्याच वावधानात तिच्या चिंध्या झाल्या आणि नंतर तो मागची गिऱ्हाईकं बघत बोलायला लागला. एका ऑफिसात गेलो तर साहेब म्हणले "कोंबडीच्या पिल्लाचा पंचनामा?" आणि पलीकडच्या टेबलापर्यंत हशा गेला. आत्याबाई माझ्यासोबत होत्या. हसा ना, पण म्हातारं माणूस समोर उभं आहे, बस तरी म्हणा.

आणि आमच्या भावकीतले एक भाऊजी. त्यांचं म्हणणं, मटणाच्या तुकड्याला थायमेटचं विष लावून ठेवा, विषय संपला. 1972 चा वन्यजीव कायदा आहे, घार असो नाहीतर शिक्रा, असली शिकारी पाखरं मारता येत नाहीत, हे सांगितलं तर म्हणले कोण बघायलंय. कायदा राहू द्या बाजूला भाऊजी, तो तुकडा शिक्र्याच्या आधी आमचा मोत्या खाईल, अंगणात लेकरं रांगतात, एवढं तरी?

मामा, तुम्ही त्या दिवशी रहू-कटला विकायला आलते. मी भाव करत होते आणि तुमचं ध्यानच नव्हतं, कोंबडा ओरडला तसे तुम्ही तराजू खाली ठेवून वर बघायला लागलात. म्हणलात, "हा वरच्याचा आवाज हाय, कुत्र्यामांजराला येगळा ओरडतो." एवढी वर्षं कोंबडा दारात, आमच्यातल्या कुणाच्या कानाला हे कळलं नव्हतं. मंग तुम्ही सरळ लिंबाखाली गेलात आणि पिसांचा ढीग दाखवला. म्हणलात घार नाही ही, घार उघड्यावर गोल गोल फिरती, हा शिक्रा हाय, हा पाल्यात लपून बसतो आणि आडवा, खालून येतो. आम्ही सगळे खुळ्यासारखे आभाळाकडं बघत बसलेलो आणि चोर आमच्याच लिंबात.

त्यानंतर तुम्ही तुमचं जुनं नायलॉनचं जाळं आणलं, वासे आमचे, मेहनत तुमची. वरून जाळं, आणि खाली मुंगसासाठी बारीक भोकाची वेल्डमेश जमिनीत गाडून वरून दगड. कसं बांधलं ते सगळं लिहीत बसत नाही, ज्याला पाहिजे त्यानं येऊन बघावं, चहा पाजते.

मला लिहायचंय ते दाराचं.

वासे उभे केल्यावर तुम्ही आत्याबाईंना हाक मारली, "अक्का, जरा हितं हुब्या ऱ्हा." त्या उभ्या राहिल्या. तुम्ही सुतळी जमिनीला टेकवून त्यांच्या पदरापर्यंत वर नेली, गाठ मारली. मंग विचारलंत, "डोक्यावर टोपलं असतंय का येताना?" त्या म्हणल्या, असतंय की कण्यांचं. तुम्ही वीतभर वर दुसरी गाठ मारली आणि दार त्या गाठीला केलं.

एवढंच. पाच मिनिटंही लागली नसतील. पण मामा, मी तिथंच मासे धूत बसले होते आणि माझ्या डोळ्यात पाणी आलं, आणि ते मिरचीचं नव्हतं. आत्याबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. जुन्या खुराड्याचं दार कमरेएवढं, रोज सकाळ-संध्याकाळ त्या वाकून, हात टेकून आत जायच्या, उठताना "आई गं" म्हणायच्या, ते आम्हाला ऐकूसुद्धा यायचं बंद झालतं. सल्ला द्यायला जो आला त्यानं कोंबड्या बघितल्या, कोंबड्या सांभाळणारी कुणी बघितलीच नाही. ह्या घरात त्यांच्या मापानं कधी काही झालं नाही. सैपाकाचा ओटा गवंड्यानं त्याच्या अंदाजानं घातला. संडास बांधला तर पायरी एवढी उंच की त्यांना भिंत धरून चढावं लागतं, आणि बांधणाऱ्यानं फोटो काढून बिल उचललं पण. त्यांच्या उंचीचं पहिलं दार कुणी केलं तर एका मासे विकणाऱ्या माणसानं, ते पण कोंबड्यांसाठी.

जाळ्याला तुम्ही लाल-पांढऱ्या चिंध्या बांधत होतात तेव्हा मी विचारलं, ह्या कशाला, नजर लागू नये म्हणून का? तर म्हणलात, जाळं पाखराला दिसाया पाहिजे, कोतवाल पक्षी अडकून मेला तर राखण कोण करील. आता तारेवरचा कोतवाल मी रोज बघते, शिक्रा दिसला की एवढासा जीव नुसता त्याच्या डोक्यावर तुटून पडतो. ज्याच्यापासून राखायचं त्याला विष नाही, आणि जो राखतो त्याला फास नाही. शिकलेल्या माणसांना हे सुचत नाही, मी स्वतः बी.ए. आहे म्हणून बोलते.

आणि अशी माणसं असतात हो. स्टॉप नसताना म्हातारीसाठी गाडी उभी करणारा कंडक्टर असतो, रेशनच्या लाईनीत दुसऱ्याचं पोतं धरणारी बाई असते. त्यांचं कुठं काही छापून येत नाही, बॅनर तर दुसऱ्यांचेच लागतात, तेही ज्यांनी काही केलं नाही त्यांचे. गावात चौकात जाऊन बघा.

सगळं एकदम गोड झालं असं नाही. एक पिल्लू नंतरही गेलं, कुणीतरी दार उघडं टाकलं आणि बोका घुसला, कुणी ते घरात सगळ्यांना माहीत आहे. पण परवा आत्याबाई परभणीला जाऊन आल्या, अंड्यांच्या पैशातनं, आणि येताना लेकीच्या शेजारणीला पण जाळ्याचं सांगून आल्या. तिकडं जवळ धरण नाही म्हणून ती म्हणे जाळं कुठून आणू. बघा, तुमचा धंदा वाढायलाय.

जाळ्याचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, ठीक आहे, पण पुढच्या खेपेला मरळ असली तर आणा आणि तिचे पुरे पैसे घ्या, नाहीतर आत्याबाई मासे घेणार नाहीत म्हणल्यात. आणि एक. ते थायमेटवाले भाऊजी आता मला विचारायलेत, मामांकडं अजून जुनं जाळं आहे का, त्यांच्या पण कोंबड्या जायल्यात. मी म्हणलं, स्वतः जाऊन विचारा. ते येतील तुमच्याकडं. नाही म्हणू नका मामा, पण जरा ताटकळत ठेवा.

तुमची,
आत्याबाईंची थोरली सून