खो-खोचे गुण दहावीपुरतेच का?

मा. संपादक,
स. न.

मी तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये दहावीला आहे आणि शाळेच्या खो-खो संघात खेळते. निकालानंतर अकरावीचा अर्ज भरायचा आहे. आमच्या वर्गात आत्तापासून एकच गणित चाललंय: कुठल्या खेळाचे, कुठल्या परीक्षेचे किती वाढीव गुण दहावीत मिळतात आणि ते धरून कुठलं कॉलेज गाठता येईल.

हे गणित मोठ्यांनाही ठाऊक असावं म्हणून सांगते. दहावीची टक्केवारी 'बेस्ट ऑफ फाइव्ह'ने, म्हणजे जास्त गुणांचे पाच विषय धरून 500 पैकी काढतात. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत 'अ' श्रेणी आली की 7, 'ब' ला 5 आणि 'क' ला 3 गुण वाढतात. सात गुण म्हणजे 1.4 टक्के. एवढ्याने काय होतं, असं वाटेल. पण 2025 च्या निकालात राज्यात 211 मुलांना 100 टक्के पडले, यावरून वरची गर्दी समजून घ्या. त्या गर्दीत एका टक्क्यामागं पुष्कळ मुलं उभी असतात.

खेळाचे गुण 25 पर्यंत मिळू शकतात, पण ते नुसतं खेळून मिळत नाहीत. क्रमांक लागावा लागतो, नाहीतर वरच्या पातळीवर पोचावं लागतं. खो-खोत मैदानावर आम्ही नऊजणी असतो. मी कितीही चांगला सूर मारला तरी दुसरीनं चुकीच्या वेळी खो दिला की सामना गेला आणि त्याबरोबर गुणही गेले. चित्रकलेत तसं नसतं. कागद आपला, ब्रश आपला. म्हणून नववीत असताना घरी आणि शाळेतही एकच सल्ला मिळाला. वडील म्हणाले, "खो-खोचं काय खरं न्हाई. चितरकलेचे मार्क घरचे हायेत." मला चित्रकलेची आवड नाही. स्थिरचित्रातला तांब्या माझ्याकडून कायम एका बाजूला कलतो. तरी परीक्षा दिली, 'ब' श्रेणी आली आणि एक टक्का पदरात पडला. आमच्या वर्गात एक मुलगी खरोखर सुंदर चित्रं काढते. तिच्याभोवती आम्ही सगळे गुणांसाठी आलेले बसायचो. सरांचा सगळा वेळ आम्हाला भूमिती आणि अक्षरलेखन शिकवण्यात जायचा आणि तिला शिकवायचं राहून जायचं. याबद्दल कुणी बोलत नाही.

2025 पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. आधी ही पद्धत पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर अशा मोठ्या शहरांतच होती. आता आम्हीही दहा पसंतीक्रम भरायचे. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर तिथं प्रवेश घ्यावाच लागतो, नाही घेतला तर नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. त्यामुळं सांगलीच्या विलिंग्डनचं नाव पहिलं लिहायचं की तासगावातच राहायचं, याचा विचार आधीच करावा लागतो. गेल्या वर्षीच्या कटऑफ याद्या मी वहीत उतरवून ठेवल्यात. त्या बघून अंदाज येतो, पण खात्री वाटत नाही. या पद्धतीत वशिला चालत नाही, ही चांगली गोष्ट आहे. पण माझ्या चुलतभावाच्या वेळी कॉलेजचे क्रीडाशिक्षक गावोगावच्या स्पर्धा बघायला यायचे आणि "बारकं पोरगं चपळ आहे, आमच्याकडं घेऊ" म्हणायचे. तो त्यातूनच कॉलेजात गेला. संगणकाला चपळपणा दिसत नाही. त्याला फक्त टक्के दिसतात.

खरी तक्रार मात्र पुढची आहे. मला इंजिनीअरिंग करायचं आहे. सांगलीचं वालचंद किंवा कराडचं शासकीय कॉलेज मिळालं तर घरून जवळ पडेल. तिथला प्रवेश एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेवर होतो. गणिताचे 50 प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे पन्नास-पन्नास एकेका गुणाचे, एकूण 200. बारावीचे गुण गुणवत्ता यादीसाठी धरत नाहीत. खुल्या प्रवर्गाला 45 टक्के आणि राखीव प्रवर्गाला 40 टक्के असले की पुरतात. म्हणजे बारावीत राज्य पातळीवर खेळून वाढीव गुण मिळवले, तरी इंजिनीअरिंगच्या यादीत ते कुठंच दिसणार नाहीत. दहावीपर्यंत खेळाला किंमत आणि त्यानंतर शून्य. मग अकरावीला मुली मैदान सोडतात यात नवल काय? आमच्या संघातल्या मोठ्या मुली आता सकाळी क्लासला आणि संध्याकाळीही क्लासलाच असतात. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या मुलांनी आणि मुलींनी दोन्ही अंतिम सामने नेपाळशी जिंकले आणि दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते. त्या दिवशी गावात पेढे वाटले. पण अकरावीतल्या मुलीला खेळू द्या, असं त्या दिवशीसुद्धा कुणी म्हणालं नाही.

माझी मामेबहीण अमेरिकेत बारावीला आहे. तिच्या कॉलेजच्या अर्जात दहा उपक्रम लिहायला जागा असते आणि 650 शब्दांपर्यंतचा एक निबंधही द्यावा लागतो. ती सुट्टीत हॉटेलात काम करते, तेही त्यात लिहिता येतं. घरातल्या लहानग्यांना सांभाळणंही चालतं. मी तिला म्हटलं, मग माझं बेदाण्याच्या शेडवरचं काम आणि द्राक्षांच्या छाटणीतली मदतही बसेल की! आमच्याच मुलखात कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, 'कमवा आणि शिका' सुरू केलं, पण आमच्या अर्जात कमावण्याला रकाना नाही. तरी ती पद्धत जशीच्या तशी इथं आणा असं मी म्हणणार नाही. इथं लगेच निबंध लिहून देणारे क्लास निघतील आणि प्रमाणपत्रांच्या फायली विकत मिळतील. तशा फायली आत्ताच मिळतात. पैसे भरून दिलेल्या कसल्या कसल्या ऑलिंपियाडची चकचकीत प्रमाणपत्रं आमच्या घरी कपाटात आहेत. अकरावीच्या अर्जात त्यांचा अर्धा गुणही वाढत नाही.

मला गुण वाढवून नको आहेत. आयआयटी मद्रासनं 2024-25 पासून खेळाडूंसाठी प्रत्येक अभ्यासक्रमाला दोन जादा जागा ठेवल्या आणि त्यातली एक मुलीसाठी. जेईई ॲडव्हान्स्ड या आयआयटीच्या प्रवेश परीक्षेच्या यादीत नाव असावंच लागतं, म्हणजे अभ्यासातून सुटका नाही. जागा जादाच्या असल्यामुळं दुसऱ्या कुणाची जागाही जात नाही. आपल्या राज्यातल्या शासकीय आणि अनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांनी सीईटीची अट ठेवून अशा एक-दोन जागा द्याव्यात आणि खेळांच्या यादीत खो-खो, कबड्डी, कुस्ती जरूर धरावी, कारण आमच्या शाळांत हेच खेळले जातात. शिक्षण खात्यानंही कुठले गुण कुठल्या प्रवेशाला चालतात आणि कुठल्या नाही, हे आठवीतच एका कागदावर लिहून प्रत्येक शाळेच्या फलकावर लावावं. आमच्या शाळेत तरी असा कागद कुणी लावलेला नाही.

आपली,
दहावीतील एक विद्यार्थिनी,
ता. तासगाव, जि. सांगली
(नाव व पत्ता संपादकांकडे)