डमी ट्रॅक पुसताना : विशाल ददलानी यांना आभारपत्र

आदरणीय विशाल ददलानी यांस,
सप्रेम नमस्कार.

आपली माझी ओळख नाही. त्यामुळे ज्या मदतीबद्दल हे पत्र लिहीत आहे, ती आपल्या हातून झाल्याचे आपल्यालाही ठाऊक नसणार. मी डोंबिवलीतल्या एका रॉक बँडचा गायक. एका मराठी चित्रपटाला संगीत देण्याचे काम मी स्वीकारले, तेव्हा ‘आता तू आमचा राहिला नाहीस’ असे आमचा ड्रमर तोंडावर म्हणाला. त्याला उत्तर म्हणून मी आपल्या कारकिर्दीतली सालेच मोजून दाखवली.

आपला रॉक बँड ‘पेंटाग्राम’ मुंबईत १९९४ साली सुरू झाला. शेखर रावजियानी यांच्यासोबत आपण १९९९च्या ‘प्यार में कभी कभी’पासून चित्रपटसंगीतात आलात, आणि तरीही २००५ साली बँड इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवात वाजला. २००७ साली ‘ओम शांती ओम’ आला, त्याच वर्षी ‘पेंटाग्राम’चा ‘इट्स ओके, इट्स ऑल गुड’ हा अल्बम. २०११ साली ‘रा.वन’ आणि बँडचा ‘ब्लडीवूड’ असेच जोडीने आले. (या शेवटच्या नावातला चिमटा त्याच धंद्यात राहून काढलेला आहे, याची मला अजून गंमत वाटते.)

मात्र खरा आधार पुढे लागला. ‘मल्हारी’ ज्या गळ्याने गाजवले, त्याच गळ्याच्या माणसाने ‘झंकार बीट्स’मधले ‘तू आशिकी है’ केके यांच्याकडून गाऊन घेतले होते, हे मला ऐन वेळी आठवले. माझ्या चित्रपटातले मुख्य गाणे मी डमी म्हणून (खऱ्या गायकाचा आवाज येईपर्यंतची तात्पुरती नोंद म्हणून) गायलो होतो आणि ते माझ्याच आवाजात राहणार, असे मनाशी धरून बसलो होतो. दिग्दर्शकांनी गायिका बोलावली. काचेआड हेडफोन लावून मी तोंड पाडून ऐकत होतो. अंतऱ्याच्या तोंडाशी, जिथे मी सवयीने शब्द फेकला होता, तिथे तिने अर्धी मात्रा थांबून श्वास घेतला. पडद्यावर त्याच क्षणी नायिका दाराची कडी काढते. तो श्वास चित्रपटात तसाच ठेवला आहे. माझा ट्रॅक मी स्वतः पुसला.

ड्रमरने त्याच चित्रपटात दोन गाणी वाजवली, मानधनही मोजून घेतले. बँडची गुरुवारची तालीम अजून चालू आहे. यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी मी आपला मनापासून ऋणी आहे.

आपला कृतज्ञ,
डोंबिवलीचा एक गायक-संगीतकार