मंदारला पत्र: तीन मिनिटांच्या डावाबद्दल

दादर, मुंबई
रविवार

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तू म्हणालास, "बुद्धिबळाचं रेटिंग अकराशेच्या पुढे सरकेना, ओपनिंगचं, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचं, एखादं चांगलं पुस्तक सुचव." काल निवांत बसून लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर तुझे डाव चाळले. तिथे कुणाचेही डाव कुणालाही बघता येतात, त्यामुळे आता माझ्यापासून लपवण्यासारखं काही उरलं नाही. पुस्तक मी सुचवणार नाही. तुझे बहुतेक पराभव दोनच तऱ्हेचे आहेत. एक तर घोडा नाहीतर उंट फुकट देतोस, किंवा एक हत्ती जास्त असताना तुझं घड्याळ संपतं. कुठल्या ओपनिंगमध्ये कोणी कधी काय खेळलं, याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आधी घड्याळाचं बघू. तू ३+० खेळतोस, म्हणजे अख्ख्या डावाला तीन मिनिटं आणि चालीमागे वाढीव काही नाही; हातात १८० सेकंद. डाव ४० चालींचा धरला तर चालीला साडेचार सेकंद येतात. आणि तू सहाव्या चालीला, किल्लेकोट आधी करू की उंट आधी काढू, यावर पाव मिनिट घालवतोस! दोन्ही चाली चांगल्याच असतात रे. कुठलीही कर. टॅक्सीचं मीटर सिग्नलला उभं असतानाही पळतं, तसंच हे. डावानंतर विश्लेषणात प्रत्येक चालीला किती वेळ लागला त्याचा आलेख दिसतो, तो बघ. पहिल्या दहा चाली वीस सेकंदांत उरकायच्या. वाचलेला वेळ मोहरे एकमेकांना भिडतील तेव्हासाठी ठेवायचा. विचार करायची जागा तीच.

आणि ३+० सोड, ३+२ खेळ. प्रत्येक चालीमागे दोन सेकंद परत मिळतात. त्याच ४० चालींना २६० सेकंद होतात, म्हणजे चालीला साडेसहा. "ही तर सवलत झाली," असं तू म्हणशीलच. पण जागतिक ब्लिट्झ, म्हणजे झटपट डावांची, स्पर्धाही ३+२ नेच खेळली जाते. चालीमागे वेळ वाढवणाऱ्या घड्याळाचं पेटंट माजी जगज्जेत्या बॉबी फिशरने १९८९ मध्ये घेतलं आणि १९९२ मध्ये स्पास्कीविरुद्ध तेच वापरलं. जिंकलेला डाव केवळ घड्याळापायी हरावा लागू नये, हीच त्यामागची कल्पना. तुझ्यासाठीच केल्यासारखं आहे!

ओपनिंगचं मात्र एकदा ठरवून टाक. पांढऱ्याने लंडन नावाची ओपनिंग: प्यादं डी४ घरावर, उंट एफ४ वर, प्यादी ई३ आणि सी३ वर, घोडा एफ३ वर. समोरचा काहीही खेळो, तुझी मांडणी साधारण तीच राहते. काळ्याने सी६ आणि डी५, समोरून ई४ येवो वा डी४. एक कॅरो-कान, दुसरी स्लाव्ह, पण प्याद्यांचा साचा सारखाच. हे खेळ नीरस वाटतील, वाटू देत. दर आठवड्याला नवी ओपनिंग यूट्यूबवर बघून तीन मिनिटांच्या डावात आजमावणं हा निव्वळ वेळेचा नास आहे. लंडनमध्ये काळ्याचा वजीर बी६ वर आला की बी२ च्या प्याद्याकडे बघायचं, एवढं ध्यानात ठेव.

आता प्रीमूव्ह, म्हणजे समोरच्याची चाल यायच्या आधीच आपली लावून ठेवणं. इथे मात्र तुझा हात फार सैल आहे. डी४ नंतर डोळे मिटून उंट एफ४ ची प्रीमूव्ह लावतोस, आणि समोरचा ई५ खेळतो. उंट जाऊन बसतो, प्यादं त्याला मारतं, डाव दुसऱ्याच चालीला संपल्यात जमा. तुझ्या यादीत हे एकदा नाही, अनेकदा आहे. प्रीमूव्ह लावायची ती मारामारीत परत मारण्याची. समोरच्याने मारलं नाही, तर त्या घरात तुझाच मोहरा असतो, चाल बेकायदा ठरते आणि आपोआप रद्द होते. धोका नाही, सेकंदही जात नाही. शह बसलाय आणि राजाला एकच घर आहे, तिथे तर विचार न करता ताबडतोब चाल कर.

घड्याळावर जिंकणं तुला लबाडी वाटते, हे तू मागेही बोललास. मला नाही वाटत. दोघांनाही तेवढीच मिनिटं मिळालेली असतात. तू मागे पडलायस पण वेळ जास्त आहे? मग वजीर बदलू नकोस, शह देत राहा, गुंता वाढव. उलट तुझाच वेळ संपत आलाय आणि समोरच्याकडे राजा नि एकच प्यादं उरलंय, तर हत्ती देऊनही ते प्यादं खा. त्याच्याकडे नुसता राजा उरला की तुझं घड्याळ पडलं तरी डाव बरोबरीत सुटतो. असा अर्धा गुण तू कितीतरी वेळा टाकून दिला आहेस. राजा-हत्तीची मात मात्र घोटून ठेव, वजिराचीही. घाईत तू समोरच्या राजाला शह न देताच कोंडतोस आणि जिंकलेला डाव बरोबरीत घालवतोस.

रोज सकाळी बोरिवलीहून चर्चगेट लोकलमध्ये उभ्याने खेळतोस, ते बंद कर. अंधेरीला धक्काबुक्कीत अंगठा घसरतो, मध्येच नेटवर्क जातं आणि घड्याळ चालूच राहतं. गाडीत पझल सोडव. तीही अवघड नकोत; एका-दोन चालींची मात, घोड्याचे फोर्क (एकाच चालीत दोन मोहऱ्यांवर हल्ला), उघडा पडलेला मोहरा, अशी सोपी पण भराभर. ब्लिट्झमध्ये सात चालींचं बलिदान कुणाला सुचत नाही, पण दोन चालींचा फोर्क बघताक्षणी दिसला पाहिजे. खरे डाव घरी, वायफायवर. फोनवर मोहरा ओढत नेऊ नकोस. आधी मोहऱ्याला, मग घराला टिचकी मार. शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याचा वजीर आपोआप होण्याचं सेटिंग चालू ठेव.

रात्री साडेबारानंतरचे तुझे डाव मी मुद्दाम वेगळे बघितले. लागोपाठ हरत जातोस आणि लगेच "पुन्हा एक"! दोन सलग हरलास की त्या दिवशी बस्स. हरलेल्यांतला एक डाव उघडायचा, पहिली घोडचूक कुठे झाली तेवढं शोधायचं, आणि झोपायचं.

"आपलं वय झालं" हेही नको सांगूस. आनंदने २०१७ मध्ये रियाधला जागतिक रॅपिड स्पर्धा जिंकली तेव्हा तो ४८ वर्षांचा होता. आपण आनंद नाही, मान्य, पण आपल्या समोरचेही कार्लसन नाहीत.

पुढच्या रविवारी सकाळी ये. लॅपटॉप घेऊन ये, फोन नको. सहा डाव, ३+२, सगळ्यांत तू पांढरा आणि सगळ्यांत लंडन. पहिल्या दहा चालींना वीस सेकंदांच्या वर गेलास तर वडापाव तुझ्याकडून.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
सुहास

ता.क. लिचेसचं आणि चेस डॉट कॉमचं रेटिंग एकमेकांशी ताडून बघत बसू नकोस. दोन्हींची मोजपट्टीच वेगळी आहे. लिचेसवरचा आकडा बहुधा जास्त दिसतो. ऑफिसातल्या त्या जोशीला हे आवर्जून सांग.