ग्रेनोबलहून मन्यास

ग्रेनोबल,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय मन्या,

गुरुवारी तुझा फोन मी अर्ध्यातच ठेवला. चुकलं माझं. तू सरळ विचारलंस, "पीएचडीनंतरची ही तिसरी तात्पुरती संशोधनाची नोकरी (पोस्टडॉक), पेपर दुसऱ्यांदा परत, आता कशाला थांबलायस तिकडे फ्रान्समध्ये?" त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येईना. अकरावी-बारावी एका बाकावर काढली आपण, तुला तरी नीट सांगायला हवं.

माझ्या खोलीपासून चालत वीस मिनिटांवर, इझेर आणि द्राक या नद्यांच्या बेचक्यात, न्यूट्रॉन वापरून संशोधन करणारी एक मोठी संस्था आहे, लाउए-लांजव्हँ. भौतिकशास्त्रज्ञ डंकन हाल्डेन 1977 ते 1981 तिथे होते. तिथेच त्यांनी अशी एक गोष्ट लिहिली, जी वाचून मी या विषयात आलो.

एका ओळीत अणू मांड. प्रत्येक अणू म्हणजे बारीकसा लोहचुंबक, आणि शेजारच्याच्या विरुद्ध तोंड करायची प्रत्येकाची ओढ. चुंबकाचं माप म्हणजे स्पिन: अर्धा, एक, दीड, दोन. अर्ध्या स्पिनच्या साखळीचं गणित बेथे यांनी 1931 मध्येच तंतोतंत सोडवलं होतं. लांबलचक साखळीला कितीही थोडी ऊर्जा दिली तरी ती थरथरते. स्पिन एक असला तरी तसंच होणार, असं सगळे धरून चालले होते. हाल्डेन म्हणाले, नाही. दीड अर्ध्यासारखा वागेल, पण एक आणि दोन यांची जात वेगळी. त्यांच्या साखळीला हलवायचं तर ठरावीक किमान ऊर्जा मोजावीच लागेल. या किमान ऊर्जेलाच आम्ही फट म्हणतो.

का, ते पुढे आणखी स्पष्ट झालं. क्वांटममध्ये साखळीला जाण्याजोग्या सगळ्या वाटांची बेरीज होते, आणि काही वाटांना पीळ पडलेला असतो. स्पिन पूर्णांक असेल तर पिळाच्या वाटा एकाच चिन्हाने बेरजेत येतात. अर्धा किंवा दीड असेल तर एका पिळाची वाट उणे, दोन पिळांची अधिक, आणि त्या एकमेकींना खोडतात. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी वसतिगृहाच्या गच्चीवर पहाटेपर्यंत फेऱ्या मारल्या होत्या. तुला फोनही केला होता, आठवतं?

हाल्डेन यांचा 1981 चा तो पेपर नाकारला गेला. नव्याने मांडलेला मजकूर छापून यायला 1983 उजाडलं. मूळ प्रत हरवली असंच समजत होते. ती सापडली आणि 2016 मध्ये, त्यांना नोबेल मिळालं त्याच वर्षी, आर्काइव्ह या पेपर खुले ठेवणाऱ्या संकेतस्थळावर आली. मी ती छापून टेबलावर ठेवलीय. दरम्यान 1986 मध्ये कॅनडातल्या चॉक रिव्हरला निकेलच्या एका क्षारावर न्यूट्रॉन सोडले, तर ती ऊर्जेची फट दिसली.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते 1987 चं अफ्लेक, केनेडी, लीब आणि तासाकी यांचं चित्र. प्रत्येक एक स्पिनचे मनातल्या मनात दोन अर्धे करायचे. उजवा अर्धा पुढच्या अणूच्या डाव्या अर्ध्याशी जोडी लावतो. मधले सगळे असे बांधले जातात आणि दोन्ही टोकांना एकेक अर्धा सुटा राहतो. ज्या साखळीत अर्धा स्पिन कुठेच घातला नव्हता, तिच्या टोकाला तो येतो! आणि ही नुसती कल्पना नव्हे. तांब्याचे अणू घालून साखळ्या तोडल्या तेव्हा 1990 मध्ये प्रयोगात या सुट्या अर्ध्यांची खूण मिळाली.

माझी दोन वर्षं या टोकांवरच गेली. अणूंमधल्या जोडण्या कमीजास्त केल्या तर टोकाचा अर्धा किती आतपर्यंत पसरतो, हा माझा प्रश्न. अशा साखळ्यांचं गणित संगणकावर सोडवायची जी पद्धत स्टीव्हन व्हाइट यांनी 1992 मध्ये काढली, तिने कोड लिहिलाय. शुद्ध साखळीत फट शेजाऱ्यांमधल्या जोडणीच्या ताकदीच्या 0.4105 पट आली की कोड बरोबर चाललाय हे कळतं, मग रात्रभर बाकीची गणितं चालू ठेवतो.

पेपर परत आला तेव्हा हाल्डेनची ती प्रत मी पुन्हा उघडली, धीर यावा म्हणून. पण काल पेपर तपासणाऱ्या रेफरीचं पत्र शांतपणे वाचलं. त्यांचा दुसरा आक्षेप खरा आहे, मन्या. माझ्या साखळ्या तोकड्या आहेत. दोन टोकांचे अर्धे एकमेकांना शिवतात, आणि मी पसरणं म्हणून जे दाखवलंय त्यातलं काही त्या शिवण्यातून आलेलं असू शकतं. लांब साखळीवर सगळं पुन्हा करायला हवं. तीन-चार महिन्यांचं काम आहे.

म्हणून थांबतोय. उत्तर माझ्या बाजूने लागेलच असं नाही, पण अर्धवट टाकून आलो तर पुण्यात मला झोप लागणार नाही. करार ऑक्टोबरात संपतो. पुण्याच्या आयसरला आणि मुंबईला टीआयएफआरला अर्ज करतोय, त्यामुळे परत येणं माझ्याही मनात आहे.

माझ्या आईला गुडघ्यासाठी तू दर शनिवारी डॉक्टरांकडे नेतोस, हे तिने परवा सांगितलं. तू एका शब्दाने बोलला नव्हतास. पुढच्या भेटीत शस्त्रक्रियेचं काय ते विचारून मला लगेच कळव, तारीख ठरली तर मी तेवढे पंधरा दिवस येतो. मशीन माझ्याशिवायही चालेल. काकूंना नमस्कार.

तुझा,
अव्या