औंधच्या राजाने जे दिलं ते आपण का लांबवतो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

साम्राज्यं गेली, राजे गेले, लोकशाही आली असं आपण म्हणून मोकळे होतो, पण सत्ता खरंच खाली पोचली का ते गावात आणि वॉर्डातच कळतं. तमिळनाडूत उत्तरमेरूरला चोळ राजा पहिला परांतक याच्या काळातला, साधारण 920 सालचा शिलालेख आहे. गावसभेच्या समित्यांसाठी ताडपत्रावर नावं लिहून मडक्यात टाकायची, लहान पोराकडून चिठ्ठ्या काढायच्या, मुदत एक वर्ष, आणि ज्याने आधीचा हिशोब दिला नाही तो बाद, त्याचे जवळचे नातेवाईकही बाद! ती सभा जमीनवाल्या ब्राह्मणांचीच, बायकांना जागाच नाही, त्यामुळे तिला लोकशाही म्हणणं मला पटत नाही, पण तो हिशोबाचा नियम आज हवाय.

मला जास्त अभिमान वाटतो आपल्या सातारा जिल्ह्यातल्या औंधचा. 72 गावांचं संस्थान, तेही तुकड्यातुकड्यात विखुरलेलं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1938 मध्ये जाहीर केलं की सत्ता रयतेच्या हाती देतो, आणि 1939 च्या जानेवारीत गांधीजींच्या सल्ल्याने घडलेली राज्यघटना लागू केली पण! त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यासाठी अक्षरशः राबले. गावाने पंचायत निवडायची, तिथून तालुका, तालुक्यातून विधिमंडळ, आणि साधे तंटे गावातच मिटवायचे. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं आणि हे सगळं थांबलं, याचं मला फार वाईट वाटतं.

मग 1992 च्या 73व्या (पंचायतींसाठीच्या) आणि 74व्या (पालिकांसाठीच्या) घटनादुरुस्तीने तेच देशभर आलं, मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक, असं राज्यघटनेत स्पष्ट लिहिलंय. तरी मुंबई, पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च 2022 ला संपली आणि ओबीसी आरक्षण, वॉर्डरचना, कोर्टाच्या तारखा असं करत जवळपास चार वर्षं प्रशासकच कारभार बघत राहिले. प्रशासक चांगला असेलही हो, पण नळाला पाणी नाही आलं तर त्याला मत न देण्याचा अधिकार मला कुठे आहे? एका राजाने आपणहून जे सोडलं ते निवडून आलेल्या सरकारांच्या काळात असं अडकून पडावं हे मला सहन होत नाही.

आपल्या पेपरला कळकळीची विनंती, ज्या पालिकेची किंवा जिल्हा परिषदेची मुदत संपत आलीय तिचं नाव आणि तारीख सहा महिने आधीपासून दर आठवड्याला छापा, वॉर्डरचना आणि आरक्षण कुठवर आलं तेही त्यातच द्या.

आपला,
एक वाचक, सातारा